४ कोटी अंकांची मूळ संख्या मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर कशी उलगडायची

ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली होती की नवीन सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली, २ चा १३६२७९८४१ वा घात आणि त्यातून १ वजा, आणि तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. बहुतेकांनी "बापरे" म्हटलं आणि पुढे स्क्रोल केलं, काहींनी ४१ एमबीची टेक्स्ट फाईल डाउनलोड करून मोबाईल हँग करून घेतला. एका पानावर ३००० अंक धरले तरी साडेतेरा हजारांच्या वर पानं होतात, ते वाचून कुणाला काय मिळणार? खरी गंमत अशी आहे की ही संख्या समोर लिहून न घेताच तिच्याबद्दल कितीतरी गोष्टी काढता येतात, म्हणजे अंक किती, सुरुवात कशाने, शेवट कशाने, ७ ने भागल्यावर बाकी किती, कुठल्या संख्या तिला भागूच शकत नाहीत वगैरे, आणि यातलं बरंचसं दहावीच्या गणितावर होतं. तिला एक ठरलेला आकार आहे म्हणून हे जमतं. तशीच ४ कोटी अंकांची कुठलीही संख्या दिली असती तर आपण काहीच करू शकलो नसतो.

लागणारं सामान: कागद, पेन, आणि मोबाईल आडवा धरल्यावर जो सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडतो तो. कॉम्प्युटर असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही. लिहिण्याच्या सोयीसाठी २^५ म्हणजे २ चा ५ वा घात (३२) असं लिहितो, आणि घातांकाला "पी" म्हणतो. म्हणजे आपली संख्या २^पी − १, आणि पी = १३६२७९८४१. या जातीच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूवरून, त्याने १६४४ मध्ये अशा घातांकांची यादी छापली होती. यादीत चुका होत्या, त्यावर पुढे येतो.

सगळ्यात आधी तिचं बायनरी रूप डोळ्यासमोर आणा

२^पी − १ बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहायची पद्धत) लिहिलं की नुसते एकच एक, पी वेळा. ७ म्हणजे १११, ३१ म्हणजे १११११, आणि आपली संख्या म्हणजे ओळीने १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एक. बायनरी फाईल बनवली तर साधारण १७ एमबीची होते आणि झिप केली तर जवळपास काहीच उरत नाही, कारण आत माहिती आहे कुठे, सगळी माहिती त्या नऊ अंकी घातांकात आहे.

या एकाच चित्रातून पहिला नियम मिळतो. घातांक स्वतः मूळ नसेल तर संख्याही मूळ नसते. का ते बघा: सहा एक घ्या आणि तीन-तीनचे गट पाडू, १११ १११. हे झालं १११ गुणिले १००१, म्हणजे ७ × ९ = ६३. घातांक ६ चे २ × ३ असे भाग पडले की एकांच्या ओळीचेही सारखे गट पडतात आणि एक गट पूर्ण संख्येला भागतो. म्हणून पी मूळ असणं ही पहिली अट. १३६२७९८४१ मूळ आहे का हे बघायला त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ११६७३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्या साधारण चौदाशे आहेत, हाताने कंटाळवाणं पण कॉम्प्युटरला डोळे मिटायच्या आत होणारं काम.

उलटं मात्र खरं नाही हे लक्षात ठेवा. ११ मूळ आहे पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. हे उदाहरण पुढे दोन-तीनदा वापरणार आहे, त्यामुळे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

अंक किती ते मोजायचं

२ चा लॉग (दहाच्या पायावर) ०.३०१०३ असतो हे शाळेत शिकलोय. घातांकाला त्याने गुणलं, पूर्णांक भाग घेतला, त्यात १ मिळवला की अंकांची संख्या. १ वजा केल्याने अंक कमी होत नाहीत कारण २ चा घात कधीच ० ने संपत नाही, मग हातचा घ्यायची वेळच येत नाही.

आता करून बघा, १३६२७९८४१ × ०.३०१०३ = ४१०२४३२०.५३, म्हणजे ४१०२४३२१ अंक. आणि हे उत्तर चुकीचं आहे, एकाने जास्त! बातमीत ४१०२४३२० होतं. कारण काय तर लॉगची किंमत आपण पाचच दशांश स्थळांपर्यंत घेतली आणि घातांक आहे नऊ अंकी, तो लॉगमधली बारीक चूक तेरा कोटी पटीने फुगवतो. म्हणून लॉग पूर्ण घ्या: ०.३०१०२९९९५६६३९८१. मोबाईलवर लॉग २ दाबून थेट त्यालाच गुणलंत तर आतल्या आत हे आपोआप होतं. उत्तर ४१०२४३१९.९४५३१८. पूर्णांक भाग ४१०२४३१९, अधिक १, बरोबर ४१०२४३२०.

सुरुवातीचे अंक

वरच्या उत्तरात दशांश चिन्हापुढचा भाग फेकून देऊ नका, तिथेच सुरुवातीचे अंक लपलेले असतात. १० चा ०.९४५३१८ वा घात काढा, येतो ८.८१६९४. झालं, संख्या ८८१६९४ ने सुरू होते. खरी सुरुवात ८८१६९४३२७५ अशी आहे, पण तेवढे अंक हवे असतील तर लॉगचे अजून अंक घ्यायला लागतात. अंदाज असा ठेवा की घातांकातले अंक जितके, साधारण तितकी दशांश स्थळं लॉगमधून वाया जातात. १५ स्थळांचा लॉग, नऊ अंकी घातांक, हातात सहाएक अंक खात्रीचे. कॅल्क्युलेटरने दहा अंक दाखवले म्हणून दहाही खरे मानू नका.

शेवटचे अंक

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे कारण इथे सायंटिफिक कॅल्क्युलेटरही लागत नाही. २ चे घात लिहा: २, ४, ८, १६, ३२, ६४... शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरत राहतो, दर चारने तेच. म्हणजे घातांकाला ४ ने भागून बाकी बघायची, आणि ४ ने भागताना शेवटचे दोनच अंक पुरतात: ४१ ला ४ ने भागून बाकी १. म्हणून २^पी चा शेवटचा अंक २, आणि आपल्या संख्येचा १.

शेवटचे दोन अंक हवे असतील तर तेच चक्र २० चं होतं आणि तीन अंकांसाठी १०० चं (अगदी सुरुवातीचे एक-दोन घात सोडून). शंभराचं चक्र म्हणजे तर सोन्याहून पिवळं, घातांकाचे शेवटचे दोन अंक घ्या, संपलं. आपल्याकडे ४१. २^४१ = २१९९०२३२५५५५२, शेवट ५५२, १ वजा, ५५१. चार कोटी अंकांच्या संख्येचे शेवटचे तीन अंक तुम्ही बसल्या जागी काढलेत. पुढे चार अंकांना ५०० चं चक्र, पाचला २५००, सहाला १२५००, दरवेळी पाचपट. सहा अंकांसाठी १३६२७९८४१ ला १२५०० ने भागून बाकी ४८४१ येते, आता २^४८४१ चे शेवटचे सहा अंक हवेत, ते हाताने करायला जिद्द पाहिजे, पण पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर एका ओळीत होतं: पॉवरचं जे फंक्शन आहे ना, पॉव, त्याला दोनच्या ऐवजी तीन आकडे द्यायचे, २, घातांक, आणि १०००००० हा भाजक. ते पूर्ण संख्या न बनवता फक्त बाकी सांभाळत जातं. उत्तर ८७१५५२, म्हणजे आपली संख्या ८७१५५१ ने संपते.

पायथॉनवाल्यांसाठी एक सूचना. १ ला पी वेळा डावीकडे सरकवून १ वजा केलं की पूर्ण संख्या क्षणात मेमरीत तयार होते, काही त्रास नाही. पण प्रिंट करायला जाऊ नका. नव्या व्हर्जनमध्ये ४३०० अंकांच्या वर गेलं की एरर येतो, आणि ती मर्यादा काढून टाकली तरी बायनरीचं दशमानात रूपांतर करायला साध्या पायथॉनला फार वेळ लागतो. दशमान अंक हवेच असतील तर मोठ्या संख्यांच्या गणितासाठीची जीएमपी लायब्ररी वापरा, तिथे हे काम पटकन होतं.

बाक्या काढायच्या

७ ने भागल्यावर बाकी किती? २^३ = ८, त्याला ७ ने भागून बाकी १. म्हणजे २ चा घात दर तीन पायऱ्यांनी परत १ वर येतो, मग घातांकाला ३ ने भागून जी बाकी तेवढाच घात बघायचा. पी च्या अंकांची बेरीज १+३+६+२+७+९+८+४+१ = ४१, तिला ३ ने भागून बाकी २. म्हणून २^२ − १ = ३. उत्तर: बाकी ३. ३ ने भागायचं असेल तर चक्र २ चं, घातांक विषम, बाकी १. ९ चं चक्र ६ चं आहे, आपला घातांक ६ ने भागल्यावर बाकी ५, २^५ = ३२, ९ ने बाकी ५, वजा १, म्हणजे ४. याचा अर्थ त्या ४ कोटी १० लाख अंकांची बेरीज केली, मग त्या बेरजेच्या अंकांची बेरीज, असं एकच अंक उरेपर्यंत करत गेलात तर शेवटी ४ उरणार. एकही अंक न बघता.

कोण भागू शकत नाही ते शोधणं

इथून पुढे जरा वेग कमी करा, कारण मूळ संख्या ओळखायचं खरं काम इथे सुरू होतं. २^पी − १ ला (पी विषम मूळ असताना) कुठलीही संख्या भागत असेल तर ती २ × के × पी + १ याच साच्यातली असावी लागते, के म्हणजे १, २, ३ काहीही. आणि वर तिला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च यायला हवी. २०४७ वर तपासा: २३ = २×११ + १, ८ ने बाकी ७. ८९ = ८×११ + १, ८ ने बाकी १. दोन्ही बसतात.

आता आपल्या संख्येला लावा. २ × पी = २७२५५९६८२. म्हणजे २७ कोटींच्या आतला कुठलाही विभाजक नाही, १ सोडून, एकदम साफ! २, ३, ५, ७ पासून २७ कोटींपर्यंत सगळ्यांना एका ओळीत बाद केलं. के = १ घेतलं तर २७२५५९६८३, ८ ने बाकी ३, बाद. के = २ घेतलं तर ५४५११९३६५, ५ ने भाग जातो, बाद. के = ३ घेतलं तर ८१७६७९०४७, ८ ने बाकी ७, ३ ने जात नाही, ५ ने जात नाही, ही चाळणीतून खाली आली, हिला मात्र पुढे बघावं लागेल.

बघायचं कसं? घातांक बायनरीत लिहा आणि डावीकडून एकेक अंक वाचत जा: प्रत्येक अंकाला हातातल्या आकड्याचा वर्ग करायचा, अंक १ असेल तर वर २ ने गुणायचं, आणि दरवेळी भाजकाने भागून बाकीच ठेवायची. ११ म्हणजे १०११, भाजक २३: सुरुवात १ पासून, १ → २, मग ० → ४, मग १ → १६×२ = ३२, बाकी ९, मग १ → ८१×२ = १६२, बाकी १. शेवटी १ आला म्हणजे २३ ने २^११ − १ ला पूर्ण भाग जातो. आपला पी बायनरीत २८ अंकीच आहे, म्हणजे एकेका उमेदवाराला अठ्ठावीस वर्ग पुरतात. ४ कोटी अंकांच्या संख्येला भाग जातो का ते बघायला फक्त अठ्ठावीस!

हीच युक्ती गणिती ऑयलरने १७७२ मध्ये २^३१ − १ म्हणजे २१४७४८३६४७ मूळ आहे हे दाखवायला वापरली. वर्गमूळ ४६३४० च्या आसपास, साच्यात बसणारे आकडे २४८के + १ किंवा २४८के + ६३ एवढेच, ते पावणेचारशेच्या आसपास होतात, त्यातले मूळ नसलेले गाळा म्हणजे आणखी कमी. हा आकडा ओळखीचा वाटला असेल तर बरोबर आहे, एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी राखलेल्या ३२ बिटच्या खात्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. जुन्या सिस्टिममधलं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांना याच आकड्यावर पोचतं आणि पुढे मोजायला जागा उरत नाही.

आणि मर्सेनच्या यादीतली ६७ ची भानगड. त्याने २^६७ − १ मूळ आहे म्हणून छापलं. फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्ये सिद्ध केलं की नाही, पण विभाजक कुठले ते त्यालाही माहीत नव्हतं, ते १९०३ मध्ये अमेरिकेत कोल नावाच्या गणितीने दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. आता तुम्ही साचा तपासा. २ × ६७ = १३४. १९३७०७७२० भागिले १३४ = १४४५५८०, पूर्ण भाग. ७६१८३८२५७२८६ भागिले १३४ = ५६८५३६०१२९, हाही पूर्ण. ८ ने बाक्या १ आणि ७. शेवटचे तीन अंक ७२१ × २८७ = २०६९२७, म्हणजे ९२७, आणि २^६७ − १ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. बसलं. के ची किंमत बघा ना, चौदा लाख पंचेचाळीस हजार, एकेक करत तिथपर्यंत कागदावर जायचं म्हणजे काय काम असेल.

विभाजक न शोधता मूळ आहे हे कसं ठरवायचं

आपल्या संख्येचं वर्गमूळच २ कोटी अंकी आहे, तिथपर्यंत भागत बसणं कुणालाच शक्य नाही. म्हणून ल्युका-लेमर चाचणी. कृती सोपी आहे, विश्वास बसणार नाही इतकी: ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, २^पी − १ ने भागून बाकी ठेवा. हे पी − २ वेळा करा. शेवटी ० आला तर मूळ, नाही आला तर नाही. बस. (पी विषम मूळ हवा एवढंच.)

१२७ वर करू, पी = ७, म्हणजे पाच वेळा. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, बाकी ६७. ६७ चा वर्ग ४४८९, वजा २, ४४८७, बाकी ४२. ४२ चा वर्ग १७६४, वजा २, १७६२, बाकी १११. आता १११ म्हणजे १२७ ला १६ कमी, तर सरळ उणे १६ धरा, वर्ग २५६, वजा २, २५४, ते १२७ चं दुप्पट, बाकी ०. पाचव्या पायरीला शून्य, १२७ मूळ. उणे धरायची सवय लावून घ्या, निम्मी मेहनत वाचते.

२०४७ ला नऊ पायऱ्या. आकडे असे येतात: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, मूळ नाही. पण २३ आणि ८९ बद्दल एक अक्षर कळलं का? नाही. ही चाचणी फक्त हो की नाही सांगते, विभाजक सांगत नाही, ल्युकाला ६७ च्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

बाकी काढायचाही शॉर्टकट आहे आणि कॉम्प्युटर तोच वापरतो. दशमानात ९९ ने बाकी काढायची असेल तर दोन-दोन अंकांचे गट करून बेरीज करतात, ४५६७ चे ४५ + ६७ = ११२, मग १ + १२ = १३. तसंच बायनरीत २^पी − १ ने भागताना पी-पी अंकांचे गट पाडून बेरीज करायची, भागाकार लागतच नाही. ४४८९ = ३५ × १२८ + ९, म्हणून ३५ + ९ = ४४, वजा २, ४२. वर आलं होतं तेच. मोठ्या मूळ संख्यांच्या शर्यतीत बहुतेक वेळा मर्सेनवाल्याच पुढे असतात त्याचं एक मोठं कारण हे. त्या निसर्गात जास्त आहेत म्हणून नाही, उलट फारच विरळ आहेत, इतक्या वर्षांत ५२ च सापडल्यात, पण त्या तपासायला सोप्या पडतात. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये जी चाचणी दिली ती कुठल्याही संख्येला चालते आणि सिद्धांत म्हणून फार मोठी गोष्ट आहे, पण या आकाराच्या संख्येला ती वापरत नाहीत, इथे ल्युका-लेमर कितीतरी वेगवान आहे.

आपल्या संख्येला पायऱ्या किती? १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८३९. प्रत्येक पायरीला ४ कोटी अंकी संख्येचा वर्ग, शाळेतल्या पद्धतीने गुणलं तर जन्म जाईल, म्हणून फूरिये ट्रान्सफॉर्म नावाच्या झटपट पद्धतीने गुणाकार करतात. आणि मध्ये कुठेतरी एक बिट जरी हार्डवेअरने चुकवलं तर शेवटचं उत्तर कचरा. म्हणून हल्ली आधी वेगळी चाचणी लावतात, ३ चा घात घेऊन, तिच्यात चालता चालता चूक पकडायची सोय आहे, त्यात "बहुतेक मूळ" असा निकाल आला की मगच ल्युका-लेमरने शिक्कामोर्तब. या संख्येचं तसंच झालं, ११ ऑक्टोबर २०२४ ला आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका ग्राफिक्स कार्डाने "बहुतेक मूळ" म्हटलं, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या दुसऱ्या कार्डाने ल्युका-लेमर पास केली. शोधणारा ल्यूक ड्युरांट, आधी ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीत काम केलेला, त्याने १७ देशांतली भाड्याची कार्डं जोडून हे चालवलं होतं.

फुकटात मिळणारी परिपूर्ण संख्या

मर्सेन मूळ संख्या हातात असली की एक परिपूर्ण संख्या आपोआप मिळते, २^(पी − १) × (२^पी − १). परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच: २८ = १+२+४+७+१४. पी = ३ ला ४ × ७ = २८, पी = ५ ला १६ × ३१ = ४९६. आपल्या संख्येची जी येते ती ८ कोटी २० लाख ४८ हजार ६४० अंकी, लॉगने तुम्हीच काढून बघा, घातांकांची बेरीज २पी − १ होते हे विसरू नका. शेवटचा अंक ६, कारण पी − १ ला ४ ने भाग जातो म्हणून २^(पी − १) चा शेवट ६ आणि दुसरीचा शेवट १.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, की असल्या संख्या बँकेच्या पासवर्डसाठी, एन्क्रिप्शनसाठी लागतात. नाही लागत. तिथे साधारण तीनशे अंकी मूळ संख्या लागतात आणि त्या कुणालाही माहीत नसणं हाच मुद्दा असतो, ही तर पेपरात छापून आली.

स्वतः शोधायची असेल तर

जॉर्ज वोल्टमनने १९९६ मध्ये सुरू केलेला, मर्सेन मूळ संख्या शोधणारा जिम्प्स नावाचा प्रकल्प आहे, त्याचं प्राइम९५ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, टाकलं की तो एक घातांक देतो आणि मशीन मागे चालू राहतं. डेस्कटॉपवर चालवा, लॅपटॉपवर नको, प्रोसेसर दिवसरात्र शंभर टक्के चालतो, पंखा ओरडतो आणि विजेचं बिल तुमचं. लाईट गेली तर घाबरू नका, मधली स्थिती ते सेव्ह करत असतं. नवी मूळ संख्या सापडली तर जिम्प्सकडून ३००० डॉलर, पण पैशासाठी करायचं काम नाही हे. मोठं बक्षीस आहे पहिल्या १० कोटी अंकी मूळ संख्येला, दीड लाख डॉलर, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं, अजून कुणाला मिळालेलं नाही. त्यासाठी घातांक किमान किती हवा ते आता तुम्हाला काढता येईल, १० कोटीतून १ वजा (तो १ आपण शेवटी मिळवतोच), भागिले ०.३०१०२९९९५६६, म्हणजे ३३ कोटी २१ लाख ९२ हजार ८०६ च्या पुढचा मूळ घातांक. पण आपल्या संख्येपेक्षा अडीचपट घातांक म्हणजे पायऱ्या अडीचपट आणि प्रत्येक पायरीही अडीचपटीहून जड, एक चाचणी सहापट तरी लांबते, त्यामुळे पहिल्यांदा चालवणार असाल तर लहान घातांकांची फेरतपासणी घ्या, ती लवकर संपते आणि मशीन बरोबर गणित करतंय का तेही कळतं.